विकास शुल्क ठरवायचं कसं? आधी नळाचा हिशेब, मग दर

३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेच्या हद्दीत २३ गावं आली. वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे अशा गावांत तोवर उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या. माणसं राहायला आली होती, पाणी आलं नव्हतं. तिथल्या कित्येक सोसायट्यांचा उन्हाळा टँकरवरच निघतो. या इमारतींना परवानगी मिळताना त्या वेळच्या प्राधिकरणाकडे विकास शुल्क भरलं गेलं होतं, आणि फ्लॅट घेणाऱ्याने ते घराच्या किमतीतून चुकतं केलं होतं. म्हणजे पाणी, मलवाहिनी, रस्ता यांच्या नावाने पैसे एकदा देऊन झाले, आणि वर टँकरचे महिन्याला वेगळे.

चूक कुठे झाली असं विचारलं की दिरंगाई आणि भ्रष्टाचार ही दोन उत्तरं लगेच मिळतात. दोन्ही खरी असू शकतात. पण त्यांच्याही आधी एक गोष्ट राहून गेलेली असते. शुल्काचा दर लावताना त्या भागात नळ न्यायला किती खर्च येईल, हे कुणी मोजलेलं नसतं. मी अनेक वर्षं पाणीपुरवठा आणि ड्रेनेजच्या अंदाजपत्रकांत घालवली आहेत. तिथे शिकलो ते एवढंच, की शुल्काचा आकडा हा हिशेबातला शेवटचा आकडा असायला हवा. आपल्याकडे तो पहिला असतो.

तो हिशेब कसा मांडायचा, ते इथे पायरीपायरीने लिहितो. नगरपरिषदेत नव्याने निवडून आलेल्यांना, नगररचना विभागातल्या तरुण अभियंत्यांना, आणि आपल्या भागात पाणी का नाही हे आकड्यांत समजून घ्यायचं आहे अशा कुणालाही तो जमेल. बेरीज, वजाबाकी, भागाकार एवढंच गणित लागतं.

पहिली पायरी: चलन वाचा

बांधकाम परवानगीच्या चलनावर आठ-दहा रकमा असतात आणि लोक सरसकट सगळ्यांना ‘विकास शुल्क’ म्हणतात. त्या वेगळ्या करायला हव्यात. छाननी शुल्क हे नकाशे तपासण्याचे पैसे. बांधकाम खर्चाच्या १ टक्का घेतला जातो तो कामगार उपकर. तो बांधकाम मजुरांच्या कल्याण मंडळाचा, नगरपालिकेचा नव्हे. अनामत रक्कम परत मिळायची असते. प्रीमियम म्हणजे मूळ हक्कापेक्षा जास्त चटई क्षेत्र (बांधकामाचं क्षेत्र) विकत घेण्याची किंमत. या सगळ्यांतून उरतं ते खरं विकास शुल्क.

हे शुल्क महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ या कायद्यातून येतं. १९९२ साली त्यात प्रकरण सहा-अ घातलं गेलं, कलम १२४-अ पासून पुढे. आज राज्याच्या बहुतेक भागात निवासी बांधकामासाठी जमिनीच्या विकासावर रेडीरेकनरमधल्या (सरकारने ठरवलेल्या) जमीन दराच्या ०.५ टक्का आणि बांधकाम क्षेत्रावर त्याच दराच्या २ टक्के आकारणी होते. औद्योगिक वापराला याच्या दीडपट, व्यापारी वापराला दुप्पट. मुंबईचे दर याहून जास्त आहेत. शिवाय मेट्रोसारखा मोठा वाहतूक प्रकल्प सरकारने जाहीर केला असेल, तर त्या शहरात विकास शुल्क १०० टक्क्यांनी वाढवण्याची तरतूद कायद्यात आहे. पुण्यात घर बांधणाऱ्याच्या चलनावर हा बोजा दिसतो तो त्यामुळे.

आता या रचनेकडे नीट पाहा. दर कशाला बांधला आहे? जमिनीच्या भावाला. भर बाजारपेठेत जमीन महाग, तिथे शुल्क भरपूर. पण तिथे नळ, गटार, रस्ता पन्नास वर्षांपूर्वीच झालेले असतात. गावाबाहेर माळावर जमीन स्वस्त, म्हणून शुल्क नाममात्र. आणि सगळा नवा खर्च नेमका तिथेच करायचा असतो! जिथे खड्डा खोल तिथे माती कमी, अशी ही गत आहे.

दुसरा दोष काळाचा. राज्यात २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन वर्षांत रेडीरेकनरचे दर होते तेच ठेवले गेले. १ एप्रिल २०२५ रोजी ते सरासरी ३.८९ टक्क्यांनी वाढले. घर घेणाऱ्यांना त्या दोन वर्षांत दिलासा मिळाला, हे मान्य. पण पाइपचा, सिमेंटचा, खोदाईचा भाव रेडीरेकनरला विचारून ठरत नाही.

दुसरी पायरी: अधिकार आहे का, ते तपासा

दर कमी पडतो म्हणून सभेत ठराव करून नवं शुल्क लावू, ही कल्पना प्रत्येक नगरपरिषदेत कधी ना कधी निघते. तिथे थांबावं. अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाने असंच विकास शुल्क लावलं होतं. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. कायद्यात स्पष्ट शब्दांत अधिकार दिलेला नसेल तर ‘विकास करणं हे आमचं काम आहे, म्हणून शुल्क घेणंही त्यात आलं’ असा अर्थ काढता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. संविधानाचं कलम २६५ तर मुळातच सांगतं की कायद्याच्या अधिकाराशिवाय कर लावता येणार नाही.

म्हणून ऐच्छिक देणगी, गावविकास निधी, रस्ता सहभाग अशा नावांनी परवानगीच्या टेबलावर घेतलेले पैसे धोक्याचे असतात. ते न्यायालयात टिकत नाहीत आणि त्यांचा हिशेबही कुठे लागत नाही. तुमच्या हातात कायद्याने दिलेली जी साधनं आहेत, ती कागदावर एकाखाली एक लिहून काढा: विकास शुल्क, प्रीमियम, टीडीआर (सार्वजनिक कामाला दिलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारा बांधकामाचा हक्क), नगररचना योजना, नळजोडणीचं शुल्क, मालमत्ता कर, पाणीपट्टी. पुढे तफावत भरून काढताना हीच यादी लागेल.

तिसरी पायरी: कोण येणार, कुठे येणार, किती येणार

इथून पुढे एक कल्पित गाव घेऊ. सगळे आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या गावाचे तुम्ही घाला. समजा, ८० हजार वस्तीची नगरपरिषद आहे. विकास आराखड्यात गावाच्या पूर्वेचं ९० हेक्टर क्षेत्र निवासी झालं. येत्या २० वर्षांत तिथे २४ हजार माणसं येतील, म्हणजे चार माणसांचं एक घर धरलं तर ६ हजार घरं. एका घराचं बांधकाम क्षेत्र सरासरी ७५ चौरस मीटर, म्हणजे एकूण ४ लाख ५० हजार चौरस मीटर बांधकाम.

लोकसंख्येचा अंदाज जनगणनेच्या जुन्या आकड्यांवरून सरळ रेघ ओढून काढू नका. गेल्या पाच वर्षांत त्या बाजूला किती परवानग्या दिल्या, किती घरांना मालमत्ता कर लागला, किती वीजमीटर बसले, हे तीन आकडे शेजारी ठेवा. वीजमीटरचा आकडा सहसा सर्वांत खरा असतो, कारण परवानगीविना बांधलेल्या घरातही दिवा लागतोच.

क्षेत्राची हद्दही आत्ताच ठरवा. संपूर्ण गावासाठी एकच हिशेब केला तर पूर्वेकडच्या माणसाचे पैसे पश्चिमेच्या पुलात जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

चौथी पायरी: जुनं दुखणं वेगळं काढा

सगळ्यांत जास्त वेळ या पायरीला द्या, आणि वादही इथेच होऊ द्या.

पाण्यापासून सुरुवात करू. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी केंद्राच्या नियमपुस्तिकेत माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण आहे. २४ हजार गुणिले १३५, म्हणजे दिवसाला ३२ लाख ४० हजार लिटर, अभियंत्यांच्या भाषेत ३.२४ एमएलडी. (गळती धरली तर आकडा वाढेल, समजायला सोपं जावं म्हणून ती बाजूला ठेवतो. प्रत्यक्षात ठेवू नका.)

आता जुन्या गावाकडे पाहा. ८० हजार माणसांना याच प्रमाणाने १०.८ एमएलडी पाणी लागतं, आणि समजा सध्याच्या शुद्धीकरण केंद्राची क्षमता ९ एमएलडी आहे. म्हणजे १.८ एमएलडीची तूट नवीन माणूस येण्याआधीपासूनच आहे. नगरपरिषद साधारण ५ एमएलडीचं नवं केंद्र बांधायला घेते, खर्च २० कोटी. हे सगळे २० कोटी पूर्वेकडच्या नव्या घरांवर टाकायचे का?

सभेत बहुतेक जण ‘हो’ म्हणतील. नवे लोक आले म्हणून तर केंद्र बांधावं लागलं! पण त्या केंद्रातल्या पाण्याचा एक मोठा भाग जुन्या गावाची तहान भागवणार आहे. एकूण गरज १.८ अधिक ३.२४, म्हणजे ५.०४, त्यात नव्यांचा वाटा ६४ टक्के. म्हणून त्यांच्या नावावर १२ कोटी ८० लाखच लिहायचे. उरलेले ७ कोटी २० लाख जुन्या गावाने पाणीपट्टीतून, करातून किंवा अनुदानातून उभे करायचे. आपल्या आधीच्या पिढीने जे बांधलं नाही त्याची भरपाई नव्याने घर घेणाऱ्या जोडप्याकडून करून घेणं हा अन्याय आहे. शुल्क टिकायचं असेल तर हा अन्याय हिशेबातच दिसून काढून टाकला पाहिजे.

मलवाहिनीचं गणित यातूनच निघतं. पुरवलेल्या पाण्याचं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे २.५९ एमएलडी. पूर्वेकडची मुख्य मलवाहिनी फक्त नव्या भागासाठी आहे, तिचे समजा ८ कोटी पूर्ण धरा. मैलापाणी शुद्धीकरण केंद्र सामाईक. त्यातला नव्यांचा वाटा ७ कोटी. पावसाळी नाल्याचं काम ३ कोटी २० लाख.

रस्त्याचं अवघड असतं. नव्या भागातून जाणारा विकास आराखड्यातला रस्ता पुढे महामार्गाला मिळतो, त्यामुळे जुन्या गावातली वाहनंही त्यावरून धावणार. किती, ते अंदाजाने सांगू नका. जवळच्या चौकात तीन दिवस माणसं बसवून गाड्या मोजा, कुठून आलात आणि कुठे चाललात ते विचारा. समजा १५ कोटींच्या रस्त्यावर ४० टक्के वाहतूक बाहेरची निघाली. मग नव्यांचा वाटा ६० टक्के, ९ कोटी.

बागेचं काय? इथे एक मोह टाळायला हवा. जुन्या गावात माणशी २ चौरस मीटर उद्यान असताना नव्या भागाच्या हिशेबात माणशी १० चौरस मीटर धरून पैसे मागता येत नाहीत. जी पातळी तुम्ही स्वतःला दिली नाही, तिचं बिल दुसऱ्याला लावायचं नाही. पातळी वाढवायची असेल तर सगळ्यांनी मिळून वाढवावी. शिवाय ०.४ हेक्टरपेक्षा मोठ्या रेखांकनात (जमिनीचे भूखंड पाडण्याच्या आराखड्यात) १० टक्के मोकळी जागा मालकाने आधीच सोडलेली असते. म्हणून आपल्या गावात बागेच्या नावाने शून्य.

या वाट्याच्या तत्त्वावर अमेरिकेत बरीच न्यायालयीन लढाई झाली आहे. ओरेगन राज्यातल्या टायगार्ड शहराने एका दुकानाला वाढीव बांधकामाची परवानगी देताना बदल्यात जमिनीचा काही भाग मागितला. १९९४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मागणी आणि बांधकामामुळे पडणारा भार यांचं प्रमाण ढोबळमानाने तरी जुळलं पाहिजे, आणि ते दाखवायची जबाबदारी शहराची. २०२४ साली कॅलिफोर्नियातल्या एल डोराडो काउंटीचं प्रकरण त्याच न्यायालयात गेलं. एका लहान घरासाठी २३,४२० डॉलर वाहतूक शुल्क लागलं होतं, तेही ठरलेल्या तक्त्यानुसार. तक्ता लोकनियुक्त मंडळाने मंजूर केला आहे, एवढ्या कारणाने शुल्क या कसोटीतून सुटत नाही, असं न्यायालयाने एकमताने म्हटलं. शुल्क रद्द केलं नाही; कसोटी लावून पाहायला प्रकरण खाली पाठवलं. आपल्याकडे कायदा वेगळा आहे. पण आपला तक्ता उद्या कुणी असा तपासला तर काय दिसेल, हा प्रश्न आपणच स्वतःला विचारायला काय हरकत आहे?

पाचवी पायरी: एकाच कामाचे दोनदा पैसे नकोत

नव्यांच्या वाट्याची बेरीज झाली ४० कोटी: पाणी १२.८, मलवाहिनी ८, मैलापाणी केंद्र ७, रस्ता ९, नाला ३.२. आता वजाबाकी.

आधी अनुदान. केंद्राच्या अमृत २.० योजनेत १ लाखाखालच्या वस्तीच्या शहरांना प्रकल्प खर्चाच्या निम्मा केंद्रीय वाटा असतो. आपलं पाण्याचं काम त्यात बसलं असं धरलं तर १२.८ कोटींचे ६.४ कोटी उरतात. अनुदान मंजूर झाल्याचं पत्र हातात येईपर्यंत मात्र ते हिशेबात धरू नका. ‘येणार आहे’ या शब्दावर बांधलेल्या अर्धवट टाक्या आपल्या तालुक्यांत कमी नाहीत.

मग कराची वजावट. जुन्या जलवाहिनीसाठी नगरपरिषदेने कर्ज काढलेलं आहे आणि ते मालमत्ता करातून फिटतं आहे. नवे रहिवासीही उद्यापासून तोच कर भरणार. म्हणजे स्वतःच्या नळाचे पैसे शुल्कातून आणि दुसऱ्याच्या नळाचे हप्ते करातून. या हप्त्यांतला त्यांचा वाटा आजच्या किमतीत काढा आणि वजा करा. समजा १ कोटी ६० लाख.

आणि मालकाने प्रत्यक्ष करून दिलेलं काम. विकासकाने मुख्य रस्त्याचा तुकडा स्वखर्चाने बांधला, किंवा रस्त्याखालची जमीन टीडीआर न घेता दिली, तर त्याची किंमत त्याच्या शुल्कातून वळती करा. रेखांकनाच्या आतले रस्ते आणि गटारं यात येत नाहीत. ती त्याने करायचीच असतात.

राहिले ३२ कोटी.

सहावी पायरी: भागाकार

३२ कोटींना ६ हजार घरांनी भागलं तर घरामागे ५३,३३३ रुपये. ४ लाख ५० हजार चौरस मीटरने भागलं तर चौरस मीटरला ७११ रुपये. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण त्यांचा परिणाम सारखा नाही. घरामागे एकच रक्कम लावली की एका खोलीच्या घराला आणि बंगल्याला सारखाच बोजा पडतो, आणि बांधणारा लहान घरं बांधायचंच सोडतो. क्षेत्रफळावर लावलं तर लहान घर आपोआप कमी पैशांत सुटतं. कॅलिफोर्नियाने २०२१ साली कायदाच केला की नव्या अभ्यासात निवासी शुल्क घराच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात काढावं, वेगळं करायचं तर कारण द्यावं. आपल्याकडे आकारणी आधीपासून क्षेत्रफळावर आहे. आपल्या पद्धतीतली ही चांगली बाजू आहे आणि ती सोडू नये.

सातवी पायरी: कायद्याने मिळणारे पैसे शेजारी मांडा

आता खरी गंमत संपते आणि काळजी सुरू होते. पूर्वेकडच्या माळावर रेडीरेकनरचा जमीन दर समजा चौरस मीटरला ४,००० रुपये आहे. निवासी बांधकामावर २ टक्के म्हणजे ८० रुपये, जमिनीवर ०.५ टक्का म्हणजे २० रुपये. भूखंडाचं क्षेत्र ढोबळमानाने बांधकामाइतकंच धरलं तर चौरस मीटर बांधकामामागे १०० रुपये. ४ लाख ५० हजार चौरस मीटरचे २० वर्षांत मिळून ४ कोटी ५० लाख.

लागणार ३२ कोटी, मिळणार साडेचार. रुपयात १४ पैसे.

त्याच गावच्या बाजारपेठेत दर २०,००० असेल तर तिथे चौरस मीटरला ५०० रुपये मिळतात, आणि तिथे नवीन पाइप टाकायचा नसतो. हे दोन आकडे एका पानावर शेजारी शेजारी छापून सभागृहात प्रत्येकाच्या हातात द्या. लांबलचक टिपणीपेक्षा ते पान जास्त बोलतं.

तफावत कशाने भरायची? प्रीमियमकडे सगळ्यांचे डोळे लागतात. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात मूळ १.१ निर्देशांकाच्या (म्हणजे भूखंडाच्या १.१ पट बांधकामाच्या) वर चटई क्षेत्र हवं असेल तर जमीन दराच्या ३५ टक्के प्रीमियम भरून ते मिळतं. ४,०००च्या ३५ टक्के म्हणजे १,४०० रुपये, ऐकायला छान. पण माळावर मूळ निर्देशांकच पुरा वापरला जात नाही, तिथे वरचं कोण विकत घेणार? प्रीमियमही बाजारपेठेतच मिळतो. त्याचा भरवसाही नसतो. जानेवारी २०२१ मध्ये दीपक पारेख समितीच्या शिफारशीवरून राज्याने त्या वर्षअखेरपर्यंत प्रीमियम निम्म्यावर आणले. सवलत घेणाऱ्याने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क भरावं अशी अट होती. बांधकाम व्यवसायाला आधार मिळाला असेल, पण पाण्याच्या टाकीचं अंदाजपत्रक त्या वर्षी निम्मं झालं नव्हतं. जकात आणि नंतर स्थानिक संस्था कर गेल्यापासून महापालिका या उत्पन्नावर जास्तच विसंबू लागल्या आहेत, म्हणून हा धोका मोठा आहे.

माझ्या मते कडेच्या भागांसाठी खरं साधन नगररचना योजना हे आहे, आणि ते आपल्याच घरातलं आहे. मुंबई प्रांतात १९१५ सालीच त्यासाठी कायदा झाला होता. विलेपार्ले, सांताक्रूझ, बोरिवलीच्या पत्त्यांत ‘टीपीएस’ (टाउन प्लॅनिंग स्कीम) ही अक्षरं अजून दिसतात ती त्यातलीच. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते आणि सार्वजनिक जागा आधी काढून घ्यायच्या, उरलेले चौकोनी भूखंड मालकांना परत द्यायचे, आणि भावात जी वाढ झाली तिच्या निम्म्यापर्यंतची रक्कम योजनेच्या खर्चासाठी मालकांकडून घ्यायची. महाराष्ट्राच्या १९६६च्या कायद्यात हे प्रकरण आहे. गुजरातने ते मनापासून वापरलं आणि अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा वर्तुळाकार रस्ता या मार्गाने जमीन मिळवून झाला. आपण विकास आराखड्यात रस्त्यांसाठी, बागांसाठी खाजगी जमिनींवर आरक्षणं टाकत राहिलो आणि भूसंपादनाला पैसे नाहीत म्हणून ती वर्षानुवर्षं कागदावर पडून राहिली. मालक मग ‘जमीन घ्या, नाहीतर सोडा’ अशी कलम १२७ची नोटीस देतो आणि आरक्षण उडतं.

आपल्या गावात रस्त्याचे ९ कोटी आणि नाल्याचे ३.२ कोटी नगररचना योजनेतून निघाले, तर तफावत २७.५ कोटींवरून १५ कोटींच्या आसपास येते. उरलेल्यासाठी नळजोडणीचं शुल्क, कर्ज, आणि राज्याकडे पाठपुरावा. एवढं करूनही भागत नसेल तर पूर्वेचा अर्धाच भाग आधी उघडा. सगळा माळ एकदम निवासी करून टाकणं आणि मग पाण्यासाठी बांधणाऱ्याकडून हमीपत्र लिहून घेणं, हा नियोजनाचा शेवट आहे. हमीपत्रातून पाणी येत नाही.

आठवी पायरी: पैसे कधी घ्यायचे, कुठे ठेवायचे

मुख्य जलवाहिनी पहिल्या २०० घरांसाठी बारीक आणि नंतर जाड अशी टाकता येत नाही. २४ हजार माणसांची जाडी पहिल्याच दिवशी लागते, आणि शुल्क मात्र २० वर्षं थेंबाथेंबाने येतं. म्हणून कर्ज घ्यावं लागतं, आणि कर्जाचं व्याज हा त्या कामाचाच खर्च आहे. तो चौथ्या पायरीच्या बेरजेत घाला. माझ्या उदाहरणात मी तो सोपेपणासाठी धरला नाही. खऱ्या हिशेबात तो लहान नसतो.

उलटा रस्ता किती महाग पडतो हे गुंठेवारीने, म्हणजे परवानगीविना जमिनीचे तुकडे पाडून उभ्या राहिलेल्या वस्त्यांनी, दाखवलं. आधी घरं, मग २००१चा नियमितीकरण कायदा. तो पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाला. घरं उभी राहिल्यावर सहा फुटी बोळात मलवाहिनी टाकायची तर यंत्र आत जात नाही, हाताने खोदावं लागतं, प्रत्येक उंबरठा फोडून पुन्हा बांधावा लागतो.

खात्याबद्दल मी आग्रही आहे. विकास शुल्काचे पैसे स्वतंत्र विकास निधीत जमा करून सार्वजनिक सुविधांसाठीच वापरायचे, असं कायद्याचं म्हणणं आहे. प्रत्यक्षात मार्चअखेरीस पगार आणि वीजबिल अडलं की हाच पैसा ‘तात्पुरता’ वळवला जातो. तो परत आलेला मी क्वचित पाहिला. निधी नुसता वेगळा ठेवून भागत नाही. क्षेत्रनिहाय नोंदवही हवी. पूर्वेकडून आले किती, पूर्वेला गेले किती, शिल्लक किती, ती कोणत्या कामासाठी राखली. टेक्सासच्या १९८७च्या कायद्यात १० वर्षांत न वापरलेलं शुल्क व्याजासह परत करायची सोय आहे. कॅलिफोर्नियात दर पाच वर्षांनी शिल्लक रकमेचं कारण जाहीर करावं लागतं. आपल्याकडे असा दंडक नसला तरी नगरपरिषद तशी नोंदवही दरवर्षी आपण होऊन छापू शकते. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

हिशेब दर वर्षी नव्या बांधकाम दरांनी ताजा करा, आणि पाच वर्षांनी मुळातून पुन्हा मांडा. २४ हजारांऐवजी १५ हजारच माणसं आली तर सगळे भागाकार बदलतात.

रहिवाशाने काय मागावं

तुम्ही नगरपरिषदेत नसाल, नुसते टँकरचे पैसे भरत असाल, तर माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज पुरे. त्यात ‘आमच्याकडे पाणी का नाही’ असं विचारू नका. त्याला ‘काम प्रगतिपथावर आहे’ असं उत्तर येतं. कागद मागा. आपल्या गट क्रमांकांच्या परिसरात गेल्या १० वर्षांत वर्षनिहाय किती विकास शुल्क जमा झालं, त्या नोंदीची प्रत. विकास निधीच्या खात्याचं त्या वर्षांचं जमाखर्च विवरण. त्या निधीतून झालेल्या कामांची यादी, प्रत्येकाच्या ठिकाणासह. तुमच्या इमारतीच्या परवानगीतल्या चलनाची प्रत आणि पाण्याबद्दल कुणी हमीपत्र दिलं असेल तर त्याची. आणि पाणीपुरवठा योजनेचा नकाशा, ज्यात तुमच्या भागापर्यंतची मुख्य वाहिनी दाखवली आहे.

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. ते आलं की चौथ्या आणि सातव्या पायरीची बेरीज तुम्हीच करून पाहा, आणि फेब्रुवारीत अंदाजपत्रक सभेपुढे येण्याआधी ती आपल्या नगरसेवकाच्या हातात द्या. नकाशाची प्रत मोठ्या कागदावरच मागा, त्याचे जास्तीचे पैसे भरा. छोट्या कागदावर पाइपांचे व्यास वाचता येत नाहीत.